भुगा कडेचा झालाय, स्पीकरचा नाही

वाचकाचे पत्र

नमस्कार. आमचे गाव आर्वी तालुक्यात. वडिलांनी १९८५ साली नागपूरहून स्टिरिओ आणला होता. एक अ‍ॅम्प्लिफायर आणि सागवानी व्हिनिअरच्या दोन पेट्या. प्रत्येक पेटीत खालच्या स्वरांचा एक ८ इंची वूफर आणि वर, वरच्या स्वरांसाठी, कागदी कोनचा छोटा ट्वीटर. दहा-बारा वर्षे सगळे कवेलूच्या खोलीत लोखंडी आलमारीवर पडून होते. यंदा घर रंगवताना खाली काढले, तर एका वूफरची कडा बोट लावताच भुगा होऊन गळाली. दुसऱ्याची शाबूत दिसते, पण आवाज वाढवला की खरखर येते. दोन्ही ट्वीटर मंद वाटतात. तालुक्यातला दुकानदार म्हणतो, फेका आणि होम थिएटर घ्या. पुतण्या म्हणतो, पेट्या मजबूत आहेत, त्यात कारचे १० इंची वूफर बसवू. वडील ७९ वर्षांचे आहेत. त्यांना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आणि नाट्यगीते ऐकायची आहेत. माझ्याजवळ बारा हजार रुपये आहेत. काय करू?

उत्तर

भाऊ, पेट्या फेकू नका आणि त्यात कारचे वूफरही बसवू नका. बारा हजारांतला एक रुपया खर्च करण्याआधी एक सकाळ फक्त तपासणीला द्या. झडलेली कडा, खरखर, मंद ट्वीटर या तुमच्या तीन तक्रारी आहेत. चाळीस वर्षांच्या स्पीकरात या तिन्ही गोष्टी दिसतात तेव्हा चुंबक, कॉइल म्हणजे त्यात हलणारी तारेची गुंडाळी, कोन म्हणजे तिला जोडलेला कागदी शंकू, आणि पेटी बहुतेक वेळा ठणठणीत असतात. संपलेले असतात दोन सुटे भाग: कडेचा फोम आणि ट्वीटरच्या तारेतला, खालचे स्वर अडवणारा कपॅसिटर. बंडीची धाव झिजली म्हणून कोणी बंडी मोडत नाही. धाव नवी चढवतात.

कडा का झडली ते आधी समजून घ्या, म्हणजे दुसऱ्या वूफरकडे कसे पाहायचे ते कळेल. त्या काळातल्या पुष्कळ वूफरना कोन आणि लोखंडी फ्रेम यांच्यामध्ये पॉलियुरेथेन फोमची गोल कडा असे. कारागीर तिला सराउंड किंवा नुसते फोम म्हणतात. हवेतली ओल आणि उष्णता हा फोम आतून तोडत जाते. स्पीकर वाजो की पडून राहो, पंधरा ते वीस वर्षांत त्याचा चिकट चुरा होतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांचे ऊन, कवेलूखाली त्याहून जास्त, आणि लगेच जूनपासून ओल. आलमारीवर, छताच्या अगदी जवळ, फोमचे आयुष्य आणखी घटते. दुसऱ्या वूफरची कडा आज शाबूत दिसते, पण ती त्याच वयाची आहे. बोटाने हलके दाबून पाहा. फोम दबून परत वर येत नसेल, बोटाला काळपट चिकट लागत असेल, किंवा कडेला बारीक भेगा असतील, तर दोन्ही कडा एकाच वेळी बदला. एकीकडे नवा फोम आणि दुसरीकडे जुना ठेवला तर दोन्ही बाजूंचा खर्ज सारखा राहणार नाही.

आता तपासणी. साधा डिजिटल मल्टिमीटर, एक नवा १.५ व्होल्टचा सेल आणि स्क्रूड्रायव्हर एवढे पुरे.

सर्वांत आधी डावी पेटी उजव्या तारेवर आणि उजवी डाव्या तारेवर लावा, आणि तेच गाणे वाजवा. खरखर पेटीबरोबर सरकली तर दोष पेटीत आहे. खरखर त्याच बाजूला राहिली तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, तारेत किंवा आवाजाच्या बटणात आहे. चाळीस वर्षे जुन्या व्हॉल्यूमच्या बटणात धूळ आणि गंज बसतो. बटण फिरवतानाच खरखर येत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरची लाइन काढून बटणात काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारा आणि वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे फिरवा. या अदलाबदलीला खर्च शून्य आहे, तरी लोक ती न करताच वूफर बदलतात.

मग पेटीतून वूफर काढा. तारा काढण्याआधी कोणती तार कोणत्या टोकाला होती त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून आधी दोन्ही टोके एकमेकांना लावा; जो आकडा येईल तो नंतर वजा करायचा. वूफरच्या टोकांवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो आणि ४ ओहमचा ३ ते ३.५. हा आकडा आला की कॉइल जिवंत आहे. काहीच आले नाही तर कॉइल तुटली आहे किंवा कोनवरून जाणारी विणलेली तार मुळाशी सुटली आहे. ही तार डागता येते, कॉइल नाही. डोळ्यांनी नीट पाहिल्याशिवाय वूफरला मेलेला म्हणू नका.

सेलची दोन टोके वूफरला क्षणभर लावा. लाल खुणेला सेलची धन बाजू लावली की बहुतेक वूफरचा कोन बाहेर उडी मारतो. दोन्ही वूफरनी एकाच दिशेला उडी मारली पाहिजे. नंतर दोन्ही हातांची बोटे कोनच्या मधोमध, डस्ट कॅप म्हणजे मधल्या गोल टोपीभोवती सारख्या अंतरावर ठेवून कोन अलगद आत दाबा आणि कान जवळ न्या. काहीच ऐकू आले नाही तर उत्तम. कागद घासल्यासारखा आवाज आला तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. कडा झडलेल्या वूफरमध्ये हे घासणे कडा नसल्यामुळेच असू शकते, कारण कोनला मध्यावर धरून ठेवण्याचे निम्मे काम कडेचे असते. खरखरणाऱ्या वूफरमध्ये मात्र आधी साध्या गोष्टी पाहा: स्क्रू ढिले आहेत का, डस्ट कॅप एका बाजूने सुटली आहे का, विणलेली तार कोनवर आपटते का, फोम फ्रेमवरून कुठे उचलला गेला आहे का. मोबाइलवर टोन वाजवणारे मोफत अ‍ॅप मिळते. त्यावर ४० ते २०० हर्ट्झपर्यंत अगदी कमी आवाजात हळूहळू सरका. ज्या स्वरावर खरखर उठते तिथे थांबा आणि एकेक जागा बोटाने दाबून बघा. जिथे दाबल्यावर आवाज थांबला तिथे दोष आहे.

ट्वीटरची एक तार सोडवून त्याचाही ओहम मोजा. पेटीच्या मागच्या टोकांवर मीटर लावून ट्वीटर कधीच कळत नाही, कारण मध्ये कपॅसिटर असतो आणि मीटरला फक्त वूफर दिसतो.

एवढे झाले की निर्णय बराचसा झालेला असतो. दोन्ही वूफरच्या कॉइल जिवंत, कोन न फाटलेले, ट्वीटर ओहम दाखवतात आणि पेटी फुगलेली नाही: दुरुस्त करा. एका वूफरची कॉइल जळालेली आहे, म्हणजे मीटर काहीच दाखवत नाही किंवा जळका वास येतो, आणि तसाच दुसरा वूफर मिळत नाही: तर ही जोडी संपली असे धरा आणि नवी जोडी घ्या. पेटी भुसा दाबून केलेल्या फळीची असून खालून ओलीने फुगून पापुद्रे सुटले असतील, तर तीही दुरुस्त होत नाही. फळीने सोडलेला स्क्रू ती पुन्हा धरत नाही.

फोम बदलण्याचे काम तुम्ही घरी करू शकता. घाई नको, एवढी एकच अट. मागवण्याआधी चार मापे मिलिमीटरमध्ये घ्या: फ्रेमवर फोम चिकटतो त्या वर्तुळाचा बाहेरचा व्यास, त्याचाच आतला व्यास, कोनचा बाहेरचा व्यास आणि फोमच्या गोलाईची रुंदी. ‘८ इंची’ हे नुसते नाव आहे. दोन कंपन्यांच्या ८ इंची वूफरमध्ये कोनचा व्यास सहज ५-७ मिलिमीटरने वेगळा असतो, आणि तेवढ्या फरकाने कडा बसत नाही. नागपूरला सीताबर्डीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला विचारताना ही मापे सांगा. फोम होता तिथे फोमच मागा. रबर जास्त टिकते हे खरे, पण ते जड आणि कडक असते. हलक्या कोनवर जाड रबर चढवले की आवाज दबतो आणि खर्जाचा स्वभाव बदलतो. काही जुन्या वूफरना मुळात फोम नसून लेप दिलेल्या कापडाची कडा असते. ती अशी झडत नाही, तिला हात लावू नका. कापडी कडेवर फेविकॉल किंवा रबर सोल्यूशन चोपडणे हा तर ती खात्रीने बिघडवण्याचा मार्ग आहे.

जुना फोम कोनच्या पुढून चिकटवला होता की मागून, ते आधी लिहून ठेवा. मग बोथट पात्याने फ्रेमवरचा चुरा आणि जुना गोंद खरवडून काढा. कोनची कागदी कडा मात्र पात्याने खरवडायची नाही. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ती हळूहळू भिजवून पुसा. या कामाला एका वूफरला तासभर लागतो आणि तो लागू द्या. गोंदाचा जुना थर राहिला तर नवी कडा वाकडी बसते. खरवडताना चुंबकाच्या बाजूला लोखंडाचा कीस पडू देऊ नका. तो फटीत गेला की कायमची खरखर.

मधोमध बसवण्याची खात्रीची रीत अशी. डस्ट कॅप धारदार पात्याने गोल कापा, पण कडेला दीड-दोन मिलिमीटर ओठ शिल्लक ठेवा, म्हणजे ती परत त्यावर चिकटवता येईल. आत कॉइल आणि चुंबकाचा मधला खांब यांच्यामध्ये जी फट दिसते तिच्यात जुन्या एक्स-रे फिल्मच्या साधारण ८ मिलिमीटर रुंद, ४ सेंटिमीटर लांब अशा चार पट्ट्या चार दिशांना सरकवा. पट्टी जोर न करता जावी आणि कॉइल हलू नये, एवढीच जाडी हवी. ढिली वाटली तर सोबत कागदाची पट्टी घाला. आता फोमची आतली कडा कोनला चिकटवा आणि ते पूर्ण वाळू द्या. त्यानंतरच बाहेरची कडा फ्रेमला. दोन्ही एकदम चिकटवायला गेलात तर एक सावरताना दुसरी सरकते.

गोंद कोणता? कागदी कोनला पांढरा फेविकॉल चांगला, कारण तो सावकाश वाळतो आणि सरकवून नीट बसवायला पाच-दहा मिनिटे मिळतात. पण साधा पांढरा गोंद ओलीत मऊ पडतो, म्हणून पाणी सोसणारा फेविकॉल मरीन घ्या. एसआर ९९८ सारखा रबरी गोंद लोखंडी फ्रेमला घट्ट धरतो, पण दोन्ही बाजूंना लावून चिकटवला की जागच्या जागी पकडतो आणि चूक सुधारायला वाव देत नाही. पहिल्यांदा करत असाल तर सावकाश वाळणाराच वापरा. इन्स्टंट गोंद अजिबात नको, तो फोम कडक करतो. थर पातळ द्या. वाळेपर्यंत वूफर तोंड वर करून सपाट ठेवा, किमान २४ तास. पाऊस सुरू असताना हे काम काढू नका, गोंद आतून ओला राहतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा सर्वांत चांगली. मग पट्ट्या काढा, पुन्हा बोटांनी दाबून घासत नाही ना ते ऐका, आणि शेवटी डस्ट कॅप.

वूफर परत बसवताना तो आधी होता त्याच्या उलट, अर्ध्या फेऱ्याने फिरवून बसवा. उभ्या पेटीत चाळीस वर्षे एकाच बाजूने कोनचे वजन लोंबत असते आणि आतला स्पायडर, म्हणजे कोनला मागून धरणारी चुण्यांची चकती, त्या बाजूला किंचित खाली येतो. फिरवल्याने तो हळूहळू सावरतो. स्क्रूची भोके मोठी झाली असतील तर आगपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोका, वाळल्यावर स्क्रू पिळा.

स्वतः करायचे नसेल आणि कोणाकडे द्यायचे असेल तर जपून. आपल्या तालुक्यांच्या गावी स्पीकर बांधणारे कारागीर लग्नातल्या डीजेचे आणि मंदिरावरच्या भोंग्याचे काम करतात. त्या कामात ते पक्के असतात, पण त्यांच्याकडचे कोन घरच्या वूफरसाठी नसतात: कडक चुण्यांची कागदी कडा आणि जाड कॉइल. तो कोन तुमच्या वूफरमध्ये बसला की आवाज मोठा येतो आणि खर्ज निघून जातो, कारण कडक कडेवर कोन खालच्या स्वरांना पुरेसा हलतच नाही. ‘कोन बदलू नका, फक्त फोम घाला’ असे स्पष्ट सांगा. त्यांच्याकडे फोम नसेल तर नमस्कार करून परत या. चुंबक उघडून साफ करतो असे कोणी म्हणाले तरी नकार द्या. उघडल्यावर फट पुन्हा तंतोतंत मध्यावर येत नाही, आणि अल्निको जातीच्या जुन्या चुंबकाची ताकदही त्या उघडण्यात घटते.

आता ट्वीटर. आधी एक नाजूक गोष्ट. वयाबरोबर माणसाच्या कानाला वरचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून ट्वीटर मंद आहे की नाही हे वडिलांना विचारून ठरवू नका, आणि फक्त स्वतःच्या कानावरही नको. घरातल्या पंधरा-वीस वर्षांच्या पोराला बसवा आणि खंजिरीचे भजन लावा. खंजिरीच्या चकत्यांचा छनछनाट वेगवेगळा आणि स्वच्छ ऐकू आला पाहिजे. तो सगळा मिसळून पत्र्यावर रेती पडल्यासारखा किंवा गोधडीआडून येतो तसा वाटला, तर ट्वीटरच्या कपॅसिटरकडे वळा.

तुमच्या पेटीत बहुधा एकच कपॅसिटर असेल, ट्वीटरच्या धन तारेत, आणि वूफर थेट जोडलेला. त्या काळच्या साध्या पेट्यांमध्ये हीच रचना असे. कपॅसिटरचे काम खालचे स्वर अडवणे. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे ४,२०० हर्ट्झखाली आवाज उतरवतो, ३.३ मायक्रोफॅरडचा सुमारे ६,०००. जुने कपॅसिटर नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक जातीचे असतात. आतला द्रव सुकतो, अंतर्गत अवरोध वाढतो आणि ट्वीटरला जाणारा आवाज तिथेच अडतो. अंगावर NP किंवा BP असे इंग्रजी अक्षरांत छापलेले दिसेल आणि आकडा असेल. तोच आकडा घ्यायचा. ‘जास्त मायक्रोफॅरड म्हणजे जास्त आवाज’ असे कोणी सांगेल, ऐकू नका. मोठा कपॅसिटर लावला की ट्वीटरकडे त्याला न झेपणारे खालचे स्वर जातात आणि त्याची केसासारखी कॉइल जळते.

नवा घेताना पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा, १०० व्होल्ट किंवा वरचा घ्या, तो असा सुकत नाही. आर्वीत मिळाला नाही म्हणून काम अडवू नका. छताच्या पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर याच पॉलिप्रॉपिलीन जातीचा असतो आणि कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. असे दोन नवे, समांतर जोडले की ५ मायक्रोफॅरड होतात. ४.७ च्या जागी एवढा किंचित फरक चालतो. आकाराने मोठे असतात, म्हणून पेटीच्या मागच्या फळीला पट्टीने घट्ट आवळा, नाहीतर खर्जाला खडखडतील. जुन्या पंख्यातून काढलेला वापरू नका, पंखा मंद झाला की बहुधा त्याचा कपॅसिटरच उतरलेला असतो.

फिल्म कपॅसिटर लावल्यावर ट्वीटर कधी कधी अंमळ टोचतो, कारण जुन्या कपॅसिटरमधला थोडा अवरोध निघून जातो. दोन-चार दिवस ऐकून बघा. तरी टोचत असेल तर कपॅसिटरबरोबर मालिकेत ०.४७ ओहम, ५ वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर घाला. एखादा ट्वीटर मेलेला निघाला आणि नवा घ्यावा लागला तर दोन्ही बदला. नवे डोम ट्वीटर वूफरपेक्षा ठळक वाजले तर ३ डेसिबल उतरवायला मालिकेत २.२ ओहम आणि ट्वीटरला समांतर १८ ओहम, दोन्ही १० वॅटचे, एवढे पुरते. पेटीत तांब्याची गुंडाळी असेल तर तिला सोडून द्या. ती म्हातारी होत नाही.

पुतण्याच्या कल्पनेबद्दल. पेटी मजबूत आहे हे त्याचे निरीक्षण बरोबर आहे, पण तुमच्या पेटीत वूफर फक्त ढमढम करत नाही, तो गातो. ४,००० हर्ट्झपर्यंतचा सगळा गळा, पेटीचे म्हणजे हार्मोनियमचे सूर, तबल्याची चाट, सगळे त्याच कोनमधून येते. कारचा १० इंची वूफर खालच्या शे-दोनशे हर्ट्झसाठी बनवलेला असतो. त्याच्यावर भजन लावले तर राष्ट्रसंतांचा आवाज रांजणात बोलल्यासारखा येईल. शिवाय भोक १८ सेंटिमीटरचे २३ करावे लागेल, पुढची फळी कमजोर होईल, आणि परतीची वाट बंद. तिसरे कारण पेटीच्या आतल्या हवेचे. एखाद्या वूफरला किती लिटरची पेटी हवी हे त्याच्या कडेचा ताठरपणा, कोनचे वजन आणि चुंबकाची ताकद यांवरून ठरते. हे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पुरे केले. तुमची पेटी आतून ३८ गुणिले २५ गुणिले २२ सेंटिमीटर असेल तर ती जेमतेम २१ लिटरची आहे, आणि त्या ८ इंची वूफरला समोर ठेवून केलेली आहे. पुतण्याला हौस असेल तर त्याच्या वूफरला त्याच्या मापाची वेगळी पेटी करा. सुताराचे काम शिकायला तो उत्तम धडा आहे.

होम थिएटरचा सल्ला वाईट हेतूने दिला असेल असे नाही, पण तुमच्या कामाचा नाही. स्वस्त संचात अडीच-तीन इंचांचे छोटे स्पीकर आणि एक ढोलासारखी खर्जाची पेटी असते. माणसाच्या आवाजाचा भरीवपणा नेमका या दोघांच्या मधल्या जागेत राहतो आणि तिथेच खड्डा पडतो. खोक्यावरच्या हजारो वॅटच्या पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीच्या, आकड्यांवर जाऊ नका. मागच्या लेबलवर विजेचा वापर पाहा. भिंतीतून ६० वॅट घेणारे यंत्र ६० वॅटचा आवाजही देऊ शकत नाही, हजार तर दूरच. आणि वॅट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. तपासणीत जोडी खरोखरच संपलेली निघाली आणि नवी घ्यावी लागली, तर पाच स्पीकरांऐवजी साडेपाच-साडेसहा इंची वूफरचे दोनच चांगले स्पीकर घ्या.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र काळजीचा विषय आहे, माझ्या मते स्पीकरपेक्षा जास्त. दहा-बारा वर्षे बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा थेट लाइनवर लावायचा नसतो. तुम्ही तो वाजवून पाहिलाच आहे आणि तो चालला, पण एकदा वायरमनच्या सिरीज बोर्डवर, ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून लावून बघा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा. नंतर स्पीकर सोडवून, आवाज शून्यावर ठेवून, पाच मिनिटांनी स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत. १०० च्या वर असेल तर कारागिराला दाखवेपर्यंत नव्या फोमचे वूफर त्याला जोडू नका. गावाकडे रात्री वावरातले पंप बंद झाले की व्होल्टेज चढते, आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा शेवटचा ट्रान्झिस्टर फुटला की तो सरळ डीसी करंट वूफरमध्ये सोडतो. दोन सेकंदांत कॉइल जळते. म्हणून तुमच्या पैशांतून मी सर्वांत आधी डीसी आला की स्पीकर तोडणारे एक रिलेचे स्पीकर प्रोटेक्शन बोर्ड आणि एक चांगला स्टॅबिलायझर घेईन. झाकण उघडणार असाल तर प्लग काढून दहा मिनिटे थांबा, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायर वाचण्याजोगा नसेल तर दोन वाहिन्यांचा, ८ ओहमला ३० वॅट देणारा छोटा क्लास-डी बोर्ड २४ व्होल्टच्या सप्लायवर त्या खोलीला भरपूर होतो.

मोबाइल जोडताना ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’ लिहिलेल्या ठिकाणी जोडा, रेकॉर्ड प्लेअरच्या ‘फोनो’ जागी नाही. तिथे आवाज फाटतो आणि लोक स्पीकरला दोष देतात.

पेटी बंद करण्याआधी आतला कोपरान् कोपरा टॉर्चने पाहा. मातीच्या बारीक रेघा म्हणजे वाळवी, आपली उधई. वूफर, ट्वीटर बाहेर काढूनच लाकडाला वाळवीचे औषध ब्रशने लावा, हातमोजे आणि मास्क घालून, अंगणात, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा. कोनवर औषधाचा फवारा कधीच नाही. घरात कापूस आहे म्हणून पेटी ठासून भरण्याचा मोह होतो. कापूस आवाज शोषतो हे खरे, पण तो ओल धरतो आणि उंदरांना घर देतो. त्याऐवजी गादीत घालतात तो पॉलिस्टरचा रेक्रॉन मागच्या आणि बाजूच्या फळ्यांना एक-दीड इंच जाड, स्टेपलने लावा. वूफरच्या पाठीला तो टेकू नये.

पेट्या परत आलमारीवर नकोत. लोखंडी आलमारी खर्जाबरोबर स्वतः वाजते आणि छताच्या कोपऱ्यात खर्ज फुगून बसतो. बाबा बाजेवर बसत असतील तर ट्वीटर त्यांच्या कानाच्या उंचीला येईल अशा लाकडी स्टुलांवर पेट्या ठेवा, भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, एकमेकींपासून दोन मीटर आणि बाजेपासूनही साधारण तेवढ्याच अंतरावर. समोरच्या उघड्या भिंतीवर सतरंजी टांगली तर सिमेंटच्या खोलीतला घुमारा कमी होतो. कूलरच्या झोतात पेटी येऊ देऊ नका. चार महिने ओला वारा खाऊन कागदी कोन लिबलिबीत होतो आणि व्हिनिअर उचलते. पश्चिमेच्या खिडकीचे ऊनही नको.

तार १ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी घ्या. पाच मीटर लांबीला तिचा जाण्या-येण्याचा अवरोध ०.१८ ओहमच्या आसपास राहतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो नगण्य आहे. महागड्या तारेत पैसे घालू नका. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन काट्यांचे डिन सॉकेट असेल तर गोल काटा धन आणि चपटा ऋण. दोन्ही बाजूंना तारा सारख्याच लागल्या आहेत हे खंजिरीआधी तबल्याने तपासा. डग्गा पोकळ आणि दूर वाटला तर एका पेटीच्या तारा उलटा.

सगळे झाल्यावर पेटीच्या आत, मागच्या फळीवर पेन्सिलीने लिहा: फोम कधी बदलला, त्याची चार मापे, कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा. हा फोमही पंधरा-वीस वर्षांनी झडणार आहे, आणि तेव्हा पेटी उघडणाऱ्याला मोजायला भुग्याशिवाय काही सापडणार नाही.